शारदाच्या फोटोखालची ओळ

— नाही, फोटो तोच राहू दे, काजल, पण ती खालची ओळ काढ. हाव, तीच. ‘हसतमुख, बोलक्या, गोष्टीवेल्हाळ शारदाबाई.’ पुसून टाक. उद्या माह्या बायकोचं वर्षश्राद्ध, फ्लेक्स माह्या दारापुढं लागन, अन् त्यावर मजकूर अर्जुनरावाचा काऊन? रेवतीनं पाठवला असन तुले मोबाईलवर. पोरगी पुण्यात बसून ठरवते का अमडापुरात काय लावायचं ते, बापाले इचारत नाही. तू असं कर — नाव टाक, जन्मतारीख टाक, गेल्याची तारीख टाक. जन्मतारीख मले इचार, शाळेच्या दाखल्यावरची वेगळी अन् खरी वेगळी, खरी मले माहीत आहे. तारीख चुकली तं चुकली म्हणता येते. शब्दाचं काय — कोणीबी कोणालेबी चिकटवावा.

बसतो जरा. हे स्टूल धरन ना मले? तू नववीत होती माह्याकडं, मागच्या बाकावर, नाही? गणितात साफ कच्ची. मी काही बोललोबी असन तुले. — हाव? असं बोललो? बरं... खोटं तं नव्हतं. अन् बिघडलं काय तुहं, अक्षरं मांडून दुकान चालवून राह्यली. मी तं म्हणतो, देव एका माणसाले एकच देते. कोणाले तोंड देते, कोणाले हिशोब. अर्जुनरावाले तोंड देलं, मले हिशोब. एकाच शाळेत जन्म गेला आमचा, तो मराठीचा, मी गणिताचा. माह्या हाताखालची पोरं इंजिनिअर झाली, बँकेत लागली, कोणी वळून नमस्कार करत नाही — अन् याच्या गळ्यात हार. उद्घाटन असो का निरोप समारंभ, अर्जुनराव पाहिजे. आता रिटायर झाला तं मसणात बोलते.

तुले काय सांगू, बायकांले तिकडं येऊ देत नाहीत, पण लाऊडस्पीकरवर गावभर ऐकू येते ते. अग्नी देला का लोक बाजूच्या शेडमध्ये बसतात अन् माईक सुरू होते. कोणी सरपंच, कोणी सोसायटीचा, पण पहिला मान अर्जुनरावाचा. अन् बोलते काय? एकच भाषण. किसनराव गेला तवा मी सोताच्या कानानं ऐकलं — ‘हसतमुख, बोलके, गोष्टीवेल्हाळ किसनराव.’ अरे, किसनराव जन्मात हसला नाही, पोराच्या लग्नातबी कपाळाले आठ्या, अन् सरणावर चढला तं हसतमुख झाला. लोकाईले पटलंबी. माना हलवून राह्यले, डोळे पुसून राह्यले. तवाच मी ओळखलं, याच्याजवळ एक सदरा आहे अन् तो हरेक मुडद्याले घालते.

शारदा गेली त्या दिवशी पहिले मलेच माईक देला. मी कधी धरला नव्हता. लोक म्हणले, सर, दोन शब्द बोला. दोन शब्द. मी उभा राह्यलो, समोर सगळं गाव, मागं ती जळून राह्यली — अन् मी बोललो. शारदा, जन्म बासष्टचा, धामणगाव बढे. लग्न पंच्याऐंशीले. एक मुलगी. साखरेचा आजार नऊ वर्षं, शेवटच्या तपासणीत साखर किती निघाली तेबी सांगितलं. खरं होतं सगळं, एकबी आकडा चुकला नाही. पण लोक एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले, अन् कोणीतरी हळूच माह्या हातातून माईक काढून घेतला, लहान लेकराच्या हातातून विळा काढून घेतात तसा. मंग अर्जुनराव उठला. अन् त्यानं रडवलं सगळ्याइले. माही पोरगी घरी स्पीकर ऐकून रडली, जावई माह्या बाजूले बसून रडला. मी एकटा कोरडा. गावानं काय म्हणलं असन तेबी मले माहीत आहे. सरले काही वाटलं नाही. बायको गेली अन् सर हजेरी घेऊन राह्यले.

वाटत नाही का मले? आजबी तिच्या गोळीच्या टायमाले जाग येते. उठतो, पाण्याचा गिलास भरतो, अन् मंग ध्यानात येते का प्यायचा कोणी नाही. तो गिलास तसाच झाडाले ओततो. हे मी कोणाले सांगू, अन् कसं सांगू? मले लय वाटते, काजल. बोलता येत नाही, बस. अर्जुनरावाले वाटो न वाटो, बोलता येते, मंग दुनियेच्या लेखी दुःख त्याचंच खरं.

पण ते सोड. रडवलं तं रडवलं, माहा राग त्याचा नाही, राग खोट्याचा आहे. बोलकी म्हणे. अरे, मी नवरा तिचा. घरात ती बोलतच नव्हती. ‘वाढू का’, ‘दूध आलं’, ‘रेवतीचा फोन होता’ — झालं. जेवून उठेपर्यंत घरात नुसता पंख्याचा आवाज. मुळातच अबोल बाई, मले काही तक्रार नव्हती, माह्या पेपर तपासायले बरंच होतं. अन् गोष्टीवेल्हाळ? तिले गोष्ट सांगताच येत नव्हती. हसू नको, दाखला देतो.

लग्न नवीन होतं. घरात सगळे जेवाले बसलेले, माहे भाऊ, भावजया, बुढी. शारदा तिच्या मावशीच्या लग्नाची गोष्ट सांगाले लागली. म्हणे, एका ट्रकात पाचशे वऱ्हाडी आले, वाजत गाजत मांडवात उतरले, अन् पाहते तं काय, नवरदेवच नाही. मी हात वर केला. म्हणलं, थांब. एका ट्रकात पाचशे? हौदा सोळा फूट बाय सात. माणूस उभा केला तं दीड चौरस फूट धर. चौऱ्याहत्तरच्या वर माणूस मावत नाही. सगळे हसले. तीबी हसली. मंग वाढाले उठली, अन् गोष्ट तठीच राह्यली. मले बरं वाटलं होतं त्या दिवशी, खोटं काऊन बोलू, चारचौघांत माहंबी कोणी ऐकलं होतं.

पुढं रेवती पाच-सहा वर्षांची असन, तिले निजवता निजवता तीच गोष्ट. मी बाजूच्या खोलीत. ऐकतो तं आता चारशे. मी तिथूनच आवाज देला, म्हणलं, मागच्या बारीले पाचशे होते, शंभर उतरले का काय रस्त्यात? चुकीचं लेकराच्या कानात काऊन घालायचं? अन् आणखी एक डाव, पाहुणे होते घरी, तवा तिनं म्हणलं, ‘बरीच माणसं आली’. म्हणलं, बरीच म्हणजे किती? तं म्हणे, ‘राहू द्या.’ हसतच म्हणली, रागानं नाही. त्याच्यानंतर ती गोष्ट मी काही ऐकली नाही तिच्या तोंडून. ती नाही, का दुसरी कोणती नाही. तवा सांग, ज्या बाईले एक गोष्ट धड शेवटाले नेता येत नाही, तिले गोष्टीवेल्हाळ म्हणायचं?

रेवती आता फोनवर म्हणते, ‘बाबा, आई तर किती बोलायची.’ मी म्हणलं, कवा? तं तिनं फोन जावयाच्या हातात देला. भाषणाचा असर आहे, दुसरं काही नाही. तिच्या मोबाईलमध्ये भरून ठेवलं ना ते. अर्जुनरावाची कलाबाईबी तसंच म्हणते, तिचा तं नवराच तसा. शारदा दुपारची जाये त्यांच्याकडं, पापड लाटाले, शेवया कराले. मी शाळेतून येताना रस्त्यावर ऐकू येये, त्यांच्या आंगणात बायका पोट धरून हासून राह्यल्या. मी फाटकाशी पोचलो का चिडीचूप. शारदा पदर सावरून उठे, म्हणे, चला. बायकाइचं तसंच असते, पुरुष दिसला का गप्प. आता हासवत कोण होतं ते मले काय माहीत, कलाबाई असन...

कलाबाईच असन.

काजल, तू अजून पुसलं नाही ते. मी मघापासून बोलून राह्यलो अन् तू नुसता माऊसवर हात ठेवून बसली. पुस ना. काऊन? — काय? — इथं? या दुकानात? बाजाराच्या दिवशी... हाव, बाजाराले ती एकटीच येये. मंग? या स्टुलावर? ऑटो मिळेपर्यंत बसायची. असन. पाय दुखत तिचे. बसली तं बसली, त्याच्यात काय. — बोलायची? तुह्यासंगं? काय बोलायची एवढं?

मावशीच्या लग्नाची.

ट्रकाची? तेच? नवरदेव नाही, तेच? तुले सांगितली तिनं. एक डाव का... दरवेळेस? तूच मागायची? अन् गिऱ्हाईकंबी थांबत ऐकाले. बरं. किती माणसं सांगे ती ट्रकात?

पाचशे.

पुन्हा पाचशे केले होते तिनं. अन् तू टोकलं नाही. तुले कुठं गणित येते.

कायले डोळे पुसतं आता. मले एक सांग... ते वऱ्हाड उतरलं मांडवात, नवरदेव नाही, मंग... मंग कुठं होता तो? सापडला का? माही एकोणचाळीस वर्षं गेली तिच्यासंगं, अन् मले तं... नाही, थांब. बोलू नको. तू सांगशीन ते तुहं असन. नको सांगू.

ती ओळ राहू दे. हाव, तशीच. छाप. मी सकाळी येऊन नेतो. आता तुही मशीन चालू कर बाई, अन् माह्याकडं पाहू नको.