कुलपाचा आकडा

दाताच्या दवाखान्यात ठणकणारी दाढ विसरून आजोबा शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकत होते. धाकटी शिक्षिका होती.

“ताई, कुलपाचा आकडा शोधायचं कोडं होतं. पहिलीच खूण, ‘यात सात नाही.’ आणि पुस्तकातल्या उत्तरात सात!”

“छपाईची चूक असेल गं.”

“एका पोरीनं तेच दाखवलं, तर हेडसर तिच्यावरच उखडले. ‘पुस्तकापेक्षा शहाणी झालीस?’ अख्ख्या वर्गाकडून सात लिहून घेतला!”

“अन् तू?”

“म्हटलं, पोरगी बरोबर आहे. लगेच मेमो हातात! आणि धडा कसला, तर तर्कशुद्ध विचार!”

“माफी मागून मोकळी हो, बाई. नोकरी आहे.”

“उत्तर दिलंय मेमोला. दोनच शब्द.”

“काय?”

“सात नाही.”