परत तिसऱ्या पायरीवर

...आणि वर म्हणे चूक माझीच! आता तुम्हीच सांगा बायांनो, सात महिन्यांचं लेकरू घरी ठेवून मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळवायची परीक्षा द्यायला अलिबागला जाते, दिवसभराची तजवीज अक्षर न् अक्षर कागदावर लिहून ठेवते, आणि संध्याकाळी येऊन बघते तर काय... पण थांबा. संध्याकाळ आधी सांगितली तर सकाळ राहून जाईल. माझं हे असंच होतं, मधलंच काहीतरी सुटतं. त्यापायीच तर सगळं घडलं.

मुळात चिठ्ठीची कल्पना आमच्या ह्यांची. हे मुंबईला एका कचेरीत असतात. तिथं हिशेबाचं नवं यंत्र आलंय, खोलीएवढं, भोकं पाडलेली कार्डं खातं म्हणे. त्या यंत्राला काम कसं सांगायचं ते हे लिहून देतात. शनिवारी लाँचने येतात आणि रविवारभर आमच्याशी यंत्राचंच कौतुक! एका रविवारी मी रडकुंडीला आले. म्हटलं, "अहो, परीक्षेच्या दिवशी कोकिळाचं कसं व्हायचं?" कोकिळा म्हणजे आमची मुलगी. नाव ठेवलं तेव्हा तिचा गळा एवढा तयार होईल असं वाटलं नव्हतं. "माझ्याशिवाय राहत नाही, आणि वरचं दूध दिवसातून पाचदाच द्या म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, जास्त झालं की पोट बिघडतं..."

तर हे कसे म्हणाले, चष्मा पुसत, "नलू, पायऱ्या मांड. करणाऱ्याला काहीच कळत नाही असं धरून चालायचं. एका ओळीत एकच काम. अट आली की दोन्ही वाटा लिहायच्या, असेल तर काय अन् नसेल तर काय. मोजायचं असेल तर मोजणीला वेगळी जागा ठेवायची. आणि मागच्या पायरीवर परत धाडायचं असेल तर..." आणि नेमकी तेव्हा कोकिळा रडली हो! मी उठले. ते शेवटचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

आता माझ्या घरी यंत्र कुठलं? सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, यांना वाचता येत नाही, आणि सांगितलेलं ऐकायची सवय नाही. उरले सासरे, अंबाजीमामा. सगळा जन्म मिठागरावर गेला, शाळा दुसरीपर्यंत, पण वाचायला बसले की बोट अक्षराखाली, आणि काना-मात्रासुद्धा सोडणार नाहीत. म्हटलं, हेच माझं यंत्र!

मी छान शाईने लिहिलं, "बालिकेची वस्त्रे ओली झाल्यास..." मामा म्हणतात, "ही बालिका कोन गो? आपल्याकडं कुनी पाव्हनी येनार हाय?" फाडला कागद. दुसऱ्यांदा त्यांच्या बोलीत लिहिलं, तर माझं वळणदार अक्षर त्यांना लागेना. तिसऱ्यांदा छापल्यासारखी मोठ्ठी अक्षरं काढली. आणि आत्याबाईंसाठी? त्यांच्यासाठी सुपाऱ्या. पितळेच्या वाटीत पाच रोठा सुपाऱ्या ठेवल्या. दूध पाजलं की एक सुपारी उचलून डब्यात टाकायची. वाटी रिकामी झाली की दूध बंद. कोकिळासुद्धा मोजेल इतकं सोपं! मी स्वतःवरच खूश झाले. माझ्या बाबतीत ही धोक्याची खूण असते, पण तेव्हा कुठं लक्षात येतंय?

पहिल्या दोन पायऱ्या सकाळच्या आंघोळीच्या, त्या सोडा. पायरी तीन, पोरीचं अंगडं-लंगोट बदला. पायरी चार, पाळण्यात घालून शंभर झोके द्या. पायरी पाच, वाटीत सुपारी असेल तर दूध पाजा आणि एक सुपारी डब्यात टाका; नसेल तर दूध देऊ नका. पायरी सहा, रडत असेल तर परत तिसऱ्या पायरीवर जा. दोन्ही वाटा लिहिल्या की नाही? लिहिल्या! मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "जा पोरी, निर्धास्त जा. लिवलंस तसंच करीन."

सातच्या एस.टी.ने गेले. परीक्षेत काय लिहिलं ते विचारू नका. समोर भूगोल आणि डोळ्यांपुढं पितळेची वाटी! आठ प्रश्न होते, आठही सोडवले, हात मोडेस्तोवर. बाहेर आल्यावर शेजारच्या बाकावरची विचारते, "तुम्ही कुठले पाच घेतलेत?" पाच? वरच छापलं होतं म्हणे, कोणतेही पाच सोडवा. दुसऱ्याला पायऱ्या मांडून देणारी मी, आणि मला पहिली ओळ दिसली नाही!

साडेपाचला गावात उतरले. अंग दुधाने ताठून आलेलं, धावत सुटले, तर वाडीच्या कडेपासूनच दिसतंय काय, आमची कपडे वाळत घालायची दोरी फडफडतेय! अंगडी, टोपडी, लंगोट, दुपटी... ती संपल्यावर ह्यांचे बनियन, माझं परकराचं कापड, आणि शेवटी मामांचा लाल रुमाल, आणि खाली मामा बसलेले, घामाघूम, मांडीवर माझी चिठ्ठी.

"मामा, हे काय?"

"तिसरी पायरी," मामा म्हणाले. "अकरा वेळा झाली. लिवलंस तसंच केलं ना मी?"

"आणि दूध? दूध किती वेळा दिलंत?"

"एकदा."

दिवसभरात एकदा! झालं होतं काय, पहिलं दूध पाजलं, एक सुपारी डब्यात गेली, चार उरल्या. एवढ्यात शेजारची सखुबाई आली, आईविना पोर कशी राहतेय ते बघायला, सोबत आणखी दोघी. आत्याबाईंनी पानाचं तबक काढलं, घरातली सुपारी संपलेली, मग समोरच्या वाटीतली घेतली, अडकित्त्याने कातरली, दिली! मी विचारलं तर म्हणाल्या, "आलेल्या बायांना काय कोरडं पान देऊ? लोक काय म्हनतील?" आणि मामा आत बघतात तर वाटी रिकामी. सुपारी नाही, तर दूध नाही! पोर रडतेय, अंगडं बदल. शंभर झोके दे, चाळिसाव्याला झोपली तरी मोठ्यानं मोजत शंभर पुरे कर, त्या आवाजानं जागी झाली, वाटी बघ, रिकामी, रडतेय, परत तिसऱ्या पायरीवर... आणि दुधाची कढई शेजारी भरलेली!

"मामा, अहो, पोर उपाशी आहे हे दिसत नव्हतं का?"

"दिसत व्हतं ना," मामा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले हो. "माजा जीव तुटत व्हता. पन तू शिकलेली. म्हटलं, लिवलंय त्यात काय तरी असंल."

माझ्या डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा ठेवणारा गावात हा एकच माणूस, आणि त्याला मी असं फिरवलं.

"पोर कुठंय?"

तर दुपारी आत्याबाईंनी मामांच्या हातून कोकिळाला ओढून घेतलं आणि पलीकडच्या रंगूच्या पदराखाली दिलं. रंगूचं तान्हं आहे चार महिन्यांचं. मी गेले तर आमची बया पोट तट्ट फुगवून रंगूच्या मांडीवर झोपलेली. मी उचललं, छातीशी धरलं, तर तोंड फिरवलं! दिवसभर जिच्यासाठी जीव टांगणीला, तिनं मला पाठ दाखवली.

शनिवारी हे आले, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "अगं, सांगितलं होतं ना? मागच्या पायरीवर धाडायचं असेल तर बाहेर पडायची वाट ठेवायची."

सांगितलं होतं! कधी सांगितलं?

तर निकाल लागलाय. शेवटून दुसरी, पण झाले पास. जूनपासून रोज अलिबाग. म्हणून काल मी शहाणी झाले, नवा कागद घेतला आणि एकच पायरी लिहिली, "आत्याबाई सांगतील तसं करा." मामांनी बोट ठेवून वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, आणि म्हणाले, "आनि तुजी आत्या घरात नसंल तर? दुसरी वाट लिवली न्हाईस पोरी."

बसलेय आता परत लिहीत.