पोरीची एकच रेघ

“विहिरी आटल्या, पण आमच्या घराण्याच्या रक्तात खोट न्हाय,” ढोकीच्या आबारावांनी प्रयोगशाळेत जाहीर केलं.

“म्हणून सुई बघून आडवे झाला व्हय?” बायको चांगुणा म्हणाली.

बाकावरचे वसंतराव मास्तर पेपराआडून ऐकू लागले.

“तुमच्या पोरीला सिकलसेल आहे, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. तिच्या रक्ततपासणीच्या पट्टीवर रेघ एकच, आजाराची,” तपासनीस म्हणाले. “तुम्हा दोघांच्या पट्ट्यांवर दोन-दोन. एक चांगली, एक आजाराची.”

“आमच्या दोन-दोन, तरी आमी धडधाकट. तिची एकच, अन् तीच आजारी?” आबारावांनी विचारलं.

“तुम्हाला तुमची चांगली रेघ सांभाळते. तिला दोघांकडून आजाराचीच आली. एकीवर एक पडली, म्हणून एकच दिसते.”

मास्तरांनी बोटांवर मांडून बघितलं. जमेना.

“म्हंजे खोट दोघांचीबी. मग आत्याबाई, तुमच्या आई, मलाच दोष देऊन का माहेरी धाडायलेत?” चांगुणा म्हणाली.

आबारावांनी पोरीची पट्टी उलटीसुलटी करून बघितली.

“साहेब, एवढं माझ्या आईला सांगायला घरापातुर येता का?”