तळाशी बसलेलं पाणी

नाही हो, होडीची मोटर नुसती स्टार्ट होतेय याला अर्थ नाही — हळू चालवली की गुपचूप चालते आणि ॲक्सिलेटर दिला की मान टाकते, असंच ना? आणि चोक ओढला की परत तग धरते? मग झालं. पोटात पेट्रोल कमी पोचतंय तिच्या. कुठं अडलंय ते बघायचं, बाकी काही नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला होता ना? निम्मे लोक तोच विसरतात, आणि मग मोटरीला शिव्या घालत बसतात. नळीवरचा तो रबरी फुगा दाबा बघू — दाबा, दाबा, लाजू नका — कडक झाला? म्हणजे नळी फुटलेली नाही. आता ही बाटली धरा. टाकीच्या तळातलं पेट्रोल यात काढते. तळातलंच. वरवरचं सगळ्यांचंच चांगलं असतं.

कुठून भरलंत? धक्क्यावरनं? त्या टपरीवाल्याकडनं — पुढे टक्कल, बोलायला गोड? हं. काही नाही. ठेवा ती बाटली खिडकीत, उजेडाला, आणि हलवू नका. पाणी असेल तर खाली बसतं, मधे रेघ दिसते. दिसते का? नीट बघा. नाही? सरका, मी बघते... नाही. स्वच्छ आहे. चोख आहे अगदी. त्याच्याकडचं पेट्रोल माझ्याकडे आलं की दर वेळी काढून बघते मी, आणि दर वेळी चोख निघतं. म्हणजे जगाला चोख. पाणी फक्त माझ्या वाट्याला.

भाऊ आहे तो माझा. थोरला. दादा.

तुम्ही बसा त्या स्टुलावर, कार्बोरेटर उतरवेपर्यंत वेळ आहे. — बाबांचं वर्कशॉप होतं, धक्क्याला लागूनच. बाबांचे डोळे अधू झाले तेव्हा काम माझ्या हातात आलं. आलं म्हणजे काय, कुणी दिलं नाही, मी करत गेले आणि ते होत गेलं. दादा गिऱ्हाइकांशी बोलायचा, मोटरी चढवायचा-उतरवायचा, टाक्या भरून द्यायचा. छान चाललं होतं. निदान मला वाटत होतं. आता आठवतं — नावाडी यायचे, दादा समोर उभा, आणि ते त्याच्या खांद्यावरनं आत डोकावून विचारायचे, ‘ताई आहे का?’ मी हसायचे. मला मजा वाटायची हो! त्याचा चेहरा कधी बघितलाच नाही मी.

ही बघा कार्बोरेटरची कटोरी. हा पिवळा चिकटा दिसतोय? मोटर बरेच महिने पडून होती ना? पेट्रोल उडून गेलं आणि हा डिंक मागे राहिला. पेट्रोल जायचं बारीक भोक, जेटचं, बुजलंय त्यानं. — नाही नाही, तार घालायची नाही! भोक मोठं झालं की जन्माचं वाटोळं. भिजू द्यायचं आणि हवा मारायची.

तर एक नावाडी होता, माणसं पलीकडच्या तीरावर नेणारा. त्याची मोटर मी दुरुस्त केली. पाण्याच्या पिंपात चालवून बघितली — घड्याळासारखी. खाडीत गेली आणि मधेच बंद. परत आणली, परत उघडली. काही दोष नाही. फ्लोट ठीक, सुई ठीक. परत बंद. बाबा म्हणाले, ‘पोरी, लक्ष कुठंय तुझं?’ आणि दादा — दादा म्हणाला, ‘जाऊ द्या बाबा, दमली असेल ती.’ माझी बाजू घेतली त्यानं! मला रडू आलं होतं, इतकं बरं वाटलं.

तिसऱ्या वेळी त्या नावाड्याची बायको होडीत होती. दिवस भरलेले. पलीकडे दवाखान्यात चालले होते दोघं. ओहोटीची ओढ, आणि मोटर गेली. तो वल्ही मारत राहिला, आणि ती बाई तिथंच, फळीवर... पोर वाचलं. बाई पण वाचली, पण फार हाल झाले तिचे. नंतर तो मोटर घेऊन आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘ताई, तुझ्या हातावर विसंबून मी माझी माणसं पाण्यात घातली.’ एवढंच. मोटर आणि टाकी दारात ठेवली आणि गेला. परत कधी आला नाही. आणि तो आला नाही म्हटल्यावर बाकीचे तरी कशाला येतील?

तेव्हा मी कार्बोरेटर सोडून टाकीकडे वळले. तळातलं पेट्रोल बाटलीत काढलं. दोन बोटं पाणी! आमचं पेट्रोलचं पिंप बघितलं, तर त्यात पाण्याचा थेंब नाही. मग पाणी आलं कुठून? टाकी भरली कुणी? विचारलं दादाला. खोटं नाही बोलला तो. म्हणाला, ‘अख्ख्या धक्क्याला ताई पाहिजे. मी कोण, दाराची कडी? मला वाटलं धक्क्याजवळच बंद पडेल, चार लोक हसतील. बाईला घेऊन जाणार आहे हे मला काय माहीत?’

बाटली घेऊन बाबांकडे गेले. डोळे अधू, पण ती रेघ दिसली त्यांना. बराच वेळ धरून बसले. मला वाटलं, आता हाक मारतील त्याला. तर म्हणाले, ‘ओतून टाक. तू उद्या लग्न होऊन जाशील, त्याला इथंच तोंड दाखवायचंय.’ दादाचं एक वेळ समजू शकते मी. जळत होता तो. पण बाबांनी तर सगळं डोळ्यांनी बघितलं आणि मग मला विकलं. आणि मी? मी ओतली हो. स्वतःच्या हातानं, मोरीत. बाबांचा शब्द! — लग्न? कुठलं लग्न... ज्या मुलीच्या कामापायी बाळंतीण मरायला टेकली, तिच्या घरी कोण येतंय पुढं? दादाला काम काही जमलं नाही, वर्कशॉप बसलं. बाबा गेले. मी इकडे आले, गावाबाहेर. धक्क्यावरचं कुणी फिरकत नाही. तुमच्यासारखे परके येतात, म्हणून तर बोलले. उगाच बोलले.

घ्या, बसवला. ओढा दोरी. — हं! द्या आता ॲक्सिलेटर, द्या अजून... बघा. कशी बोलतेय. करा बंद.

पण तुम्हाला माझा पत्ता दिला कुणी? पाटी नाही माझी... कोण? त्यानं? पेट्रोल भरताना? काय म्हणाला? नेमकं काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत सांगा.

...‘तिच्यासारखा हात कुणाचा नाही.’

असं म्हणाला? आणि तिथं अजून कोण होतं तेव्हा? आठवा. नावाडी होते का? कुणीतरी ऐकलं का?

तुम्ही एकटेच होतात.

उचला ती मोटर. नाही, मी हात लावणार नाही, तुमची तुम्ही उचला. आणि जाताना दार लावून घ्या.