घमेल्यातली माती

माझी बायको चिमणा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी घरी चूल फुंकत होतो. महिन्याभराने मलकापूरच्या स्टँडवर शेजारच्या बाकावर एक सासू-सून बोलत होत्या.

"आत्ती, चूल लई धुरतीया. डोळ्याचं पाणी थांबत न्हाय."

"लाकडं वली असतील."

"वाळल्यात की चांगली."

"मग पातेलं चुलीवर गच्च बसतंय. धुरानं जायचं कुठनं, तुझ्या डोळ्यात?"

"मग काय करू?"

"चुलीच्या काठावर मातीचं तीन गोळं बसव, दोन बोटं उंच. जाळबी चांगला लागतोय."

"कसली माती?"

"लाल. भुसा घालून चार दिस भिजव. न्हायतर तडकतीया."

"एवढा येळ कुठं हाय मला?"

"रडाय बरा येळ हाय! व्हय की न्हाय, पावणं?"

"व्हय," मी म्हणालो.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी चिमणाने अशीच लाल माती भुसा घालून घमेल्यात भिजत ठेवली होती. ती वाळू नये म्हणून मी रोज तिच्यावर पाणी शिंपडतो. चुलीवर गोळे अजून बसवलेले नाहीत.