पहिलं पाणी

नोलीन: आई, झाकण उघडू नकोस म्हटलं ना!

बेरिल: अगं, हातसुद्धा लावला नाही. वासच बाहेर येतोय. लवंगा, व्हिनेगर... तुझे बाबा गेल्यापासून या घरात हा वास नव्हता.

रॉस: सासूबाई, आता काढा ना बाहेर! पोटात कावळे कोकलतायत.

नोलीन: थांब रे हावरटा. शनिवारी बाबांचं खाटकाचं दुकान पुन्हा उघडायचंय. बाबांच्या गिऱ्हाइकांपुढे माझं पहिलं खारवलेलं बीफ जाणार. आधी आईनं खायचं, मग तू.

रॉस: शनिवारी फुटबॉलची मॅच आहे. मैदानावरून अख्खं गाव थेट तुझ्या दुकानात येणार बघ.

नोलीन: म्हणूनच झोप उडालीय माझी. बाबांनी मिठाच्या पाण्याचं माप कुणाला सांगितलंच नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावरची चव आठवून आठवून मी ते जमवलंय. आई, हे घे. खरं सांगायचं हं. तू नाही म्हणालीस तर शनिवारी हे काचेआड ठेवणार नाही. नुसते सॉसेज विकीन.

बेरिल: बघू तरी... हं.

नोलीन: हं म्हणजे?

बेरिल: मऊ झालंय हो अगदी. लोण्यासारखं.

नोलीन: आई!

बेरिल: थोडं... अळणी आहे गं.

रॉस: दे इकडे. थोडं कसलं? धुऊन वाळत घातलेलं फडकं खाल्ल्यासारखं लागतंय.

नोलीन: संपलं. आठवडाभर मिठाच्या पाण्यात मुरवलं मी! काल कच्च्यातला कोपरा तव्यावर टाकून चाखला, तेव्हा झकास होतं. मीठ गेलं कुठं?

बेरिल: काही पहिल्या पाण्याबरोबर जातं, पण एवढं नाही जात.

नोलीन: कुठलं पहिलं पाणी?

बेरिल: अगं, उकळी आली की पहिलं पाणी ओतून द्यायचं आणि दुसरं घालायचं. तू मघाशी कोबी आणायला गेलीस ना, तेव्हा ओतलं.

नोलीन: ओतलंस? माझं मीठ सिंकमध्ये ओतलंस?

बेरिल: नेहमीच ओतते! तुझ्या बाबांचं, क्लॅरीचं बीफ कसं असायचं माहितीय? समुद्राचा घोट घेतल्यासारखं. पहिलं पाणी फेकल्याशिवाय तोंडात धरवत नसे.

रॉस: अरे देवा. माझी आईपण ओतायची! मला वाटायचं, तशीच रीत आहे.

बेरिल: गावात सगळ्याच ओतायच्या. दुकानात जाऊन सांगणार कोण त्याला? एवढा अभिमान होता त्याला.

नोलीन: म्हणजे मी लहानपणापासून जी चव खाल्ली...

बेरिल: ती पाणी ओतल्यानंतरची.

नोलीन: आणि मी त्याच चवीवर मीठ बेतलं! आई, म्हणजे माझं माप बरोबर आहे! रॉस, उठ! दुकानात मुरवलेले आणखी दोन तुकडे आहेत, मोठा घेऊन ये!

रॉस: आणि या फडक्याचं काय?

नोलीन: उद्या वडे तळून घालते तुला. पळ!

(तेच स्वयंपाकघर. संध्याकाळ. रॉस तिसऱ्यांदा सुरीला धार लावतोय.)

बेरिल: हात मागे बांधून बसलेय, बघ. पातेल्याच्या जवळपाससुद्धा फिरकले नाही.

नोलीन: रॉस, मांसाच्या रेषांना आडवं काप. आडवं! उभं कापलंस तर दोरखंड चावत बसू.

रॉस: खाटकाचा नवरा आहे मी, कळतं मला. आहाहा, रंग बघा! सासूबाई, पांढरा सॉस इकडे सरकवा. मोहरी जास्त घातलीय ना?

नोलीन: सॉस नंतर! आधी नुसतं. आई, घे.

(बेरिल घास तोंडात टाकून सावकाश चावते.)

नोलीन: बोल की गं!

रॉस: मी बोलतो. नोलीन, शनिवारी दारावर पाटी लाव, ‘पहिलं पाणी फेकू नका.’ नाहीतर अख्खं गाव तुझं वाटोळं करेल. काय झालंय हे! मला अजून दे!

नोलीन: तू गप्प बस. आई?

बेरिल: तुझे बाबापण असेच बसायचे. माझा पहिला घास तोंडात जाईपर्यंत स्वतः खायचे नाहीत. टक लावून माझ्याकडे बघायचे.

नोलीन: मग तू काय म्हणायचीस?

बेरिल: मी छान झालंय म्हणायचे. दर वेळी.

नोलीन: आणि आता मला काय सांगणार?

बेरिल: ताट पुढे केलंय ना मी? तो कडेचा, चरबीवाला तुकडा वाढ. तुझ्या बाबांकडे दुसऱ्यांदा मी कधी मागितलं नव्हतं.