झाकणाखालची भुयारी गटार

निधीचं नाव काढू नका माझ्यापुढं! आमच्या गल्लीत भुयारी गटार झालीय, म्हाईत हाय ना? कागदावर झालीय. गल्लीत नुसती लोखंडी झाकणं आली. ठेकेदारानं ती दोन दिवसांत रस्त्यावर सिमेंटात बसवली आणि आमच्या नगरसेवकानं पहिल्याच झाकणावर नारळ फोडून फोटो काढून घेतले.

मागच्या महिन्यात निधीचा पुढचा हप्ता मंजूर करायच्या आधी एक साहेब तपासणीला आले. नगरसेवक लगेच पुढं झाला. "साहेब, काम शंभर टक्के पूर्ण हाय."

साहेब म्हणाले, "झाकण उघडा."

ठेकेदाराचं तोंड उतरलं. दोन माणसांनी पहार घालून झाकण उचकटलं. खाली खड्डा न्हाई, पाइप न्हाई, नुसता कडक मुरूम.

"गटार कुठाय?" साहेबांनी विचारलं.

नगरसेवकाला लाज कसली! म्हणतो कसा, "साहेब, भुयारी हाय ती. वरनं कशी दिसंल?"

आमची शेजारीण सरूमावशी तिथंच दारात भांडी घासत हुती. तिचं खरकटं पाणी रस्त्यावरनं वाहत थेट साहेबांच्या बुटापाशी आलं. साहेब पाय उचलत वैतागून म्हणाले, "अहो, मग या झाकणाखालनं जातं तरी काय?"

मावशीनं मानसुद्धा वर केली न्हाई.

"निधी जातो, साहेब."

साहेबांनी एकदा नगरसेवकाकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं बघितलं, आणि म्हणाले, "झाकण लावा परत."